बाबांच्या नावावरची माफी

शेवटचा साधा दिवस रविवार होता, आणि तोही पुरता नाही. सकाळी साडेदहापर्यंतच.

बाबा सातच्या सुमाराला जत्रेहून परतले. दशावतारी कंपनीच्या गाडीतून उतरताना त्यांच्या कानामागे रंग तसाच राहिला होता. आंघोळ करून, लांब केसांना खोबरेल तेल चोपडून त्यांनी अंबाडा बांधला, वर टोपी घातली आणि पिशवी शोधायला लागले.

"विनी, मालवणाक जावया. आज सुट्टी मां तुका?"

"निजा वायच. रातभर उभे होतास."

"निजान काय करू? बाजारात पेडवे इले असतले."

मी स्कूटर काढली. माझे वडील गंगाराम धुरी दशावतारात स्त्रीपार्टी करायचे, म्हणजे बाईच्या भूमिका. चाळीस वर्षं. तरुणपणी द्रौपदी, तारामती. साठी उलटल्यावर कुंती आणि गांधारी. कुडाळपासून मालवणपर्यंत त्यांना न ओळखणारा माणूस सापडणं कठीण होतं. स्कूटरवर ते मागे बसायचे तेव्हा मला फक्त रस्ता बघायचा असायचा. लोकांना हात करण्याचं काम त्यांच्याकडे. चौके गावाच्या नाक्यावर रिक्षावाले ओरडले, "मास्तर, काल खंय?" बाबांनी जत्रेचं गाव सांगितलं. "बरी झाली?" "झाली रे!"

ही हाक मधे साडेतीन महिने बंद होती. परत आली तेव्हापासून बाबा ती प्रत्येक वेळी थोडं वळून, पूर्ण घ्यायचे.

मासळी बाजारात हौसाबाईंनी आम्हाला लांबूनच बघितलं. बाबा गेली वीस वर्षं त्यांच्याकडूनच मासे घेत आले होते.

"येवा, कुंतीमाते! पाच पांडवांक किती बांगडे लागतले?"

"पाच कसले, सा. कर्णाक इसारलंस?"

"कर्णाक तुमी इसारलास, आमी नाय!"

आजूबाजूच्या बायका हसल्या. बाबा तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. असा परतीचा टोला त्यांना फार आवडायचा. हौसाबाईंनी पेडव्यांचा एक वाटा पिशवीत ओतला, वर दोन जास्तीचे टाकले आणि हात पुसता पुसता आवाज खाली आणला.

"एक सांगू, मास्तर? त्या टायमाक तुमचो राग इल्लो माका. तुमचो फोटो फोनातसून काढून टाकलंय मी. पण तुमी माफी मागल्यात ना, माझा मन निवळला. सुनेन वाचून दाखवल्यान. रडलंय मी. देवाफुडे कोण मोठो, सांगा?"

बाबांनी विचारलं, "कसली माफी?"

"कायतरीच! माझ्याफुडे नाटक नको." त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

दशावतारात संहिता नसते. मालक दुपारी फक्त सांगतो, आज अमुक आख्यान, तू अमुक, तो तमुक. बाकी सगळं ज्याचं त्याने उभं राहून बोलायचं. समोरच्याने काहीही टाकलं तरी थांबायचं नाही. ते उचलायचं आणि पुढे न्यायचं. बाबांना अडखळताना मी लहानपणापासून कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी ते मासळी बाजारात पिशवी धरून उभे राहिले, आणि त्यांच्याकडे पुढचं वाक्य नव्हतं.

मला मात्र सगळं माहीत होतं.

कार्तिकात कुडाळला बाबांचा सत्कार झाला होता. शाल, श्रीफळ, मानपत्र. मंचावर पुढारी, देवस्थानांचे मानकरी. बाबा उत्तर द्यायला उभे राहिले आणि मालवणीत बोलले. ते मी इथे जसंच्या तसं देते, कारण नंतर ते तसं कोणीच दिलं नाही.

"चाळीस वर्षां मी तुमच्या देवळांत नाचतंय. राती माका लक्ष्मी म्हणान पायां पडतास. सकाळी तोंड धुवूक पाणी मागला तर देवळाभायली बाव दाखवतास. आमी निजतो खंय? शाळेच्या पडवेत, गोठ्यात. देवळाक नवो कळस चढता, आणि देव घेवन येणाऱ्याक एक न्हाणी नाय. देव जागृत आसा म्हणतास; मगे तेका ह्या दिसत नाय? माका तरी तुमचो देव खंय दिसूक नाय. माका दिसता तो आमच्या पेटाऱ्यातलो गणपती. तो आमच्यावांगडा जमनीर निजता."

कंपनीच्या पोशाखांच्या पेटाऱ्यात गणपतीचा मुखवटा असतो, तो हा गणपती. सभागृहात त्या वेळी टाळ्या पडल्या. मानकऱ्यांनीही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्यातले बावीस सेकंद कापून काढले. कापलेला तुकडा "माका तरी तुमचो देव खंय दिसूक नाय" इथे संपत होता.

चार दिवसांत तो तुकडा मुंबईतल्या चाकरमान्यांपर्यंत पोचला आणि तिथून दुप्पट होऊन परत आला. देवाच्या जिवावर जगला आणि देवालाच नाही म्हणाला. बाईचे कपडे घालून घालून डोकं फिरलं. ज्यांनी बाबांच्या कुंतीसाठी रात्र रात्र मांडी घालून काढली होती ते लिहीत होते की हा नट कधी बरा नव्हताच, नुसता आवाज होता. आमच्या फाटकाला कोणीतरी शेण फासलं. एकामागून एक तीन गावांनी कंपनीला जत्रेला येऊ नका म्हणून कळवलं.

कंपनीचे मालक भाई परब आणि बाबा एकाच वर्षी दशावतारात आले होते. भाईकाका आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, बसून बाबांना म्हणाले, "गंगा, पंधरा माणसां आसत माझी. एक शब्द बोल. चुकला म्हण आणि मोकळो हो."

"चुकला असता तर बोललंय असतंय."

"माका म्हायत आसा चुकूक नाय. तरी बोल."

"भाई, चाळीस वर्षांत तू माका कधी एक वाक्य दिलंस? आज कित्याक देतंस?"

भाईकाकांना हसू आलं आणि रडूही. ते उठून गेले. बाबांना त्यांनी पुन्हा कधी आग्रह केला नाही.

आग्रह मीही केला नाही. मी ओरोसच्या एका सरकारी कार्यालयात आहे. पत्रांचे मसुदे करणं हे माझं काम. फेसबुकवरचं बाबांचं पान मीच चालवत होते, जत्रांच्या तारखा टाकायला. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडायच्या आधी, मी मसुदा केला आणि बाबांच्या पानावर टाकला.

"कुडाळ येथील कार्यक्रमातील माझ्या वक्तव्यामुळे भाविकांच्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास मी अंतःकरणपूर्वक दिलगिरी व्यक्त करतो. माझा तसा कोणताही हेतू नव्हता. सर्व देवस्थाने व रसिक मायबाप यांनी मोठ्या मनाने क्षमा करावी, ही नम्र विनंती. – गंगाराम धुरी."

पंधरा माणसांसाठी केलं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होते. ते खोटं नाही, पण सगळं खरंही नाही. कार्यालयात मी चहाला गेले की टेबलावरचं बोलणं बंद व्हायचं. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची, किंवा मला तसं वाटायचं. मी दमले होते. आयुष्यभर पुस्तकं वाचली, माणसाने खरं बोलावं या विषयावर तासभर बोलू शकेन इतकी वाचली, आणि माझ्या घरात एक माणूस खरं बोलला तेव्हा मला फक्त ते थांबायला हवं होतं.

संध्याकाळपर्यंत हजारभर लोकांनी बाबांना क्षमा केली. "चुकतो तो माणूस, माफी मागतो तो देवमाणूस." स्थानिक पेपरांत मजकूर चौकटीत आला. जो माणूस चाळीस वर्षं लोकांच्या कानाशी मालवणीत बोलला, तो 'वक्तव्यामुळे' आणि 'असल्यास' असं का लिहील, हे कोणालाच विचारावंसं वाटलं नाही. बाबा फोन फक्त बोलण्यापुरता वापरायचे. पेपर मी आधीच बंद केला होता. म्हटलं, उगाच नको ते वाचायला नको.

भाईकाकांचा मला फोन आला. "विनी, गंगान मन मोठा केल्यान गो. कोणाक सांगल्याशिवाय केल्यान. तेच्यासमोर आमी कोण विषय काढूचो नाय, कंपनीत सगळ्यांक सांगलंय. तेका लागतला."

मी म्हटलं, "व्हय, नको काढूक."

म्हणून बाबांना काहीच कळलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की जत्रा परत यायला लागल्या, नाक्यावरून हाका यायला लागल्या, एका गावाने तर नटांसाठी शाळेची मोरी उघडून दिली. ते त्यांनी मला दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी सांगताना म्हणाले, "बघ, लोक येडे नसतत. उशिरा कळता, पण कळता." आणि मग असे काही झोपले की मला त्यांच्या घोरण्याचा हेवा वाटला.

त्या रविवारी मालवणहून परत येताना अर्ध्या वाटेत त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला.

"विनी, थांबव."

एका काजूच्या बागेच्या कडेला मी स्कूटर थांबवली. ते उतरले.

"तुझ्या फोनात आसतला ता. वाच."

मी वाचलं.

"परत वाच."

मी परत वाचलं. ते रस्त्याच्या पलीकडे बघत होते.

"अंतःकरणपूर्वक," ते म्हणाले. "ह्यो शब्द मी जन्मात तोंडात घेवक नाय." मग म्हणाले, "म्हणान हाका मारतत तर."

मी फोन पर्समध्ये टाकला.

"कोणी लिवल्यान, गो?"

"भाईकाकांनी असतला."

"भाईक ता फेसबुक करूक येता?"

"मी पासवर्ड दिल्लंय तेंका. जत्रांचे फोटो टाकूक."

मी क्षणभरही अडखळले नाही. समोरून आलं ते उचललं आणि पुढे नेलं. शेवटी दशावताऱ्याचीच मुलगी.

बाबा परत स्कूटरवर बसले. घरी येऊन त्यांनी पेडवे स्वतः साफ केले, पण जेवले मी एकटीच. ते म्हणाले, "भूक नाय." दुपारी भाईकाकांचा फोन आला तेव्हा त्यांनी तो वाजू दिला. मग पुन्हा वाजला. त्यांनी फोन पाटावर उपडा ठेवला.

सोमवारी मी कामावर गेले. जायच्या आधी सांगायचं ठरवलं होतं. ते खळ्यातल्या खुर्चीत बसले होते, केस मोकळे, आणि मी म्हटलं, "बाबा, पेज करून ठेवलंय." संध्याकाळी परत आले तर पेज तशीच होती. दिवेलागणीला भाईकाका स्वतः आले. बाबा आतल्या खोलीतून म्हणाले, "सांग, निजलेत."

"बाबा निजलेत," मी दारात उभं राहून सांगितलं.

"बरा नाय काय तेका?"

"जागरणान."

"माझो फोन घेणत नाय. माझा काय चुकला काय?"

"नाय हो, काकानू."

ते काही वेळ पायरीवर घुटमळले. "आज गांधारी आसा. तेच्याशिवाय कोण करतलो? बघतंय मी. तू तेका निजानदे." मग वाटेवरून वळून पुन्हा म्हणाले, "उठलो काय फोन करूक सांग, कितीय वाजले तरी."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा बाबांनी जत्रा चुकवली. मी आत गेले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. जागे होते. म्हणाले, "ह्या दुसऱ्या कोणीय केला असता तर चलला असता." मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. सांगायचे दोनच शब्द होते, 'मी लिवलंय'. मी म्हटलं, "दिवो मालवू?"

मंगळवारी सकाळी ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्रास झाला नसेल. हे ते सगळ्यांनाच सांगत असतील.

भाईकाका पहिले आले. खांदा द्यायला पुढे तेच होते.

मग लोक पुन्हा फिरले. कुडाळच्या बसस्थानकासमोर बाबांचा कुंतीच्या वेषातला दहा फुटी फलक लागला. ज्याने कोणी तो बावीस सेकंदांचा तुकडा कापला होता त्यानेच की दुसऱ्या कोणी, आता पूर्ण भाषण टाकलं, मागे बासरी घालून. 'असा सडेतोड माणूस पुन्हा होणे नाही.' खाली पाच हजार लोकांनी हात जोडले. मी ती नावं वाचत बसले. पुष्कळशी ओळखीची होती. शिव्यांच्या वेळीही तीच वाचली होती. मला त्यांचा राग येत नव्हता. राग यायला आपण वेगळं असावं लागतं.

बाराव्यानंतरच्या शनिवारी, दुपारी चार वाजता, कुडाळला शोकसभा झाली. सभागृह तेच, कार्तिकातलं. बाबांच्या फोटोला घातलेला हार इतका जाड होता की हनुवटी झाकली गेली होती. सत्कार समितीचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले.

"कैलासवासी गंगाराम मास्तर स्पष्टवक्ते होते. कधीकधी त्यांच्या बोलण्याने आपण दुखावलोही गेलो. परंतु मित्रहो, स्वतःची चूक उमगल्यावर जाहीर क्षमा मागण्याचा जो मोठेपणा त्यांनी दाखवला, तो आज किती कलावंतांकडे आहे?"

लोकांनी माना हलवल्या. माझ्या मांडीवर एक घडी केलेला कागद होता. आभाराची दहा वाक्यं, मीच लिहिलेली, शुद्ध.

मग भाईकाकांना बोलावलं. मंचावर लोक प्रमाण मराठीत बोलतात, त्यांनीही सुरुवात तशीच केली. "गंगाराम माझा... माझा मित्र होता." तिथे ते थांबले. माइक हातात धरून उभे राहिले, आणि पुढचं बोलणं त्यांच्या नेहमीच्या बोलीत आलं.

"दोन दिवस माझो फोन घेवक नाय तो. दारात गेलंय, भेटूक नाय. चाळीस वर्षांत असा कधी झाला नाय. मी आठवान आठवान बघतंय, काय बोललंय मी तेका? कोणी सांगल्यान तर बरा होईत. तो गेलो ता गेलोच, पण राग घेवन कित्याक गेलो?"

सत्यवान, कंपनीचा पेटीवाला, पुढे झाला आणि त्यांना धरून खुर्चीत बसवलं. सूत्रसंचालकाने घाईने माझं नाव पुकारलं. "मास्तरांची कन्या विनीता, कुटुंबाच्या वतीने दोन शब्द."

मी मंचावर गेले. समोर तीनशे माणसं असतील. पहिल्या रांगेत मानकरी, मागे बायका. त्यात हौसाबाई, पदराने डोळे पुसत. मी कागद उलगडला. पहिलं वाक्य होतं, 'आपण सर्वांनी दाखवलेल्या प्रेमाबद्दल आम्ही ऋणी आहोत.' त्याखालची नऊही तशीच. सभा संपायला दहा मिनिटं होती. मी हे वाचलं असतं तर सगळे चहा घेऊन घरी गेले असते. बाबा कायमचे माफी मागितलेले राहिले असते, आणि भाईकाका उरलेलं आयुष्य काय चुकलं ते शोधत बसले असते.

मी कागद खाली ठेवला. समोरच्या लोकांकडे बघणं मला जमलं नाही. मी भाईकाकांकडे बघून बोलले.

"काकानू, तुमचा काय चुकूक नाय. ती माफी मी लिवलंय. बाबांक न विचारता, तेंच्या नावार. त्या रविवारी तेंका कळला. माका विचारल्यानी, कोणी लिवल्यान. मी तुमचा नाव सांगलंय."

भाईकाका तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होते. अध्यक्ष सूत्रसंचालकाला काही खुणावत होते. मी माइक सोडला नाही.

"आणि तुमी सगळे आयका. माझ्या बापाशीन माफी मागूक नाय. तो जा बोललो ता खरा होता. माका तेवाच म्हायत होता. मी तेका कधी सांगूक नाय."